फलाटापासून धक्क्यापर्यंत

‘आवडेल तेथे प्रवास’ ही एसटीची योजना १९८८ पासून चालत आली आहे. पास चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा मिळतो. साध्या गाड्यांसाठी एक दर, शिवशाहीसाठी वेगळा, मुलांना अर्धा. एकदा पास खिशात पडला की मुदत संपेपर्यंत महामंडळाच्या गाडीत कुठेही चढावं, कुठेही उतरावं. जून १९४८ मध्ये पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, त्यानंतर या महामंडळाने काढलेल्या सगळ्या योजनांत प्रवासातली गोडी ओळखणारी अशी ही एकच, असं मी मानतो. बाकीच्या सवलतींमागे सामाजिक न्याय आहे. २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास मिळाला, २०२३ मध्ये महिलांना निम्मं तिकीट झालं, आणि ते योग्यच झालं. हा पास मात्र कोणाच्या गरजेसाठी काढलेला नाही. हिंडण्याची हौस असलेल्या माणसासाठी काढलेला आहे.

लंडन, पॅरिस, बर्लिन, व्हिएन्ना अशा शहरांत उतरलेला पाहुणा पहिल्याच दिवशी असाच एखादा पास घेतो. भुयारी रेल्वे, ट्राम, बस आणि काही ठिकाणी नदीतली बोटही त्यावर चालते. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. कार्ड टेकवायचं, आणि दिवसभरात ठरावीक रकमेच्या वर कितीही फिरलं तरी जास्त कापले जात नाहीत. बर्लिनच्या स्थानकात अडवणारं फाटकसुद्धा नाही. पैसे वाचतात ही या पासांची वरवरची बाजू झाली. खरा फरक मनात पडतो. दर वेळी तिकीट काढावं लागत असेल तर माणूस ठरवलेल्या ठिकाणीच उतरतो. पास असला की खिडकीतून एखादं देऊळ, एखादा बाजार, नदीचं वळण दिसतं आणि तो तिथेच उठून दाराकडे जातो. पुढची गाडी येईलच, आणि तिचे पैसे आधीच दिलेले आहेत. हे उतरण्याचं स्वातंत्र्य म्हणजे या पासाचा आत्मा. तो चाखायला पॅरिसला जायची गरज नाही. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे त्यासाठी फार चांगले आहेत.

दोन जिल्हे म्हणतो खरं, पण १९४९ पर्यंत हा सगळा मुलूख कारभाराच्या दृष्टीने बराचसा एकाच साताऱ्यात मोडत होता. मग उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा झाले, आणि १९६० मध्ये दक्षिणेला सांगली हे नाव मिळालं. वाटा मात्र कृष्णेच्या अंगाने आधीपासून लागलेल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. रेल्वे नदीच्या आसपास चालते, हमरस्ता थोडा पश्चिमेकडून जातो, आणि घाटातून खाली उतरणारे फाटे या दोहोंना येऊन मिळतात. नकाशा पाहिला तर एखाद्या मोठ्या शहराच्या मार्गजाळ्यासारखाच दिसतो. फक्त दोन स्थानकांमध्ये इथे ऊस आहे, हळद आहे, डोंगर आहे.

साताऱ्याच्या मध्यवर्ती बसस्थानकावर थोडा वेळ नुसतं उभं राहावं. इथली सर्वांत ठसठशीत गाडी सातारा-स्वारगेट विनाथांबा. तिकीट खिडकीवर काढायचं, रांगेने बसायचं, गाडी भरली की निघाली. वाटेत वाहक नाही, थांबा नाही. तिची सोय मोठी आहे, नोकरदारांचा तिच्यावर जीव आहे, पण पासवाल्याला तिच्यात रस नाही, कारण तिला मधलं काही दिसत नाही. पासवाल्याने पाहाव्यात त्या कडेच्या फलाटांवरच्या गाड्या. कुणाच्या पाटीवर मेढा, कुणाच्या ठोसेघर, कुणाच्या बामणोली. पाटीवर मोठ्या अक्षरांत शेवटचं गाव असतं आणि बारीक अक्षरांत ‘मार्गे’ लिहून मधली एक-दोन गावं. जाणकार प्रवासी आधी ती बारीक ओळ वाचतो. एकाच गावाला जाणाऱ्या दोन गाड्यांतली कोणती धरणाच्या काठाने जाईल आणि कोणती घाट चढेल, हे त्या ओळीवरून कळतं.

लंडनच्या भुयारी रेल्वेची १८६३ मध्ये सुरुवात झाली, पण तिचा चेहरा घडवला तो १९३३ च्या नकाशाने. हॅरी बेक या आरेखकाने खरी अंतरं आणि खऱ्या दिशा बाजूला ठेवल्या, रेघा सरळ केल्या, आणि कुठे गाडी बदलायची एवढंच ठळक ठेवलं. जमिनीखालून जाणाऱ्याला वरची भूमी कळून उपयोग नसतो, हे त्याने ओळखलं. एसटीच्या स्थानकावर असा नकाशा मला कुठे आढळला नाही. इथलं सगळं जाळं माणसांच्या तोंडी आहे. चौकशीच्या खिडकीवर विचारावं, तिथून समाधान झालं नाही तर चहाच्या टपरीवर विचारावं, आणि शेवटी त्याच गावाला निघालेल्या एखाद्या आजीला विचारावं. आजी गाडीची वेळ तर सांगतेच, पण ‘ती गाडी आज शाळेला सुट्टी म्हणून येणार न्हाई’ हेही सांगते. कुठल्याही छापील नकाशात ही माहिती मावणार नाही. तरी मला वाटतं, बेकसारखा एक स्वच्छ नकाशा सातारा विभागासाठीही कुणीतरी काढायला हवा. आजीला विचारायची लाज वाटणारे, मराठी न येणारे प्रवासी पुष्कळ आहेत, आणि त्यांनाही कासचं पठार पाहायचं असतं.

कासची वाट राजवाड्यावरून समर्थ मंदिराकडे जाते. तिथे रस्ता फुटतो. एक बोगद्यातून सज्जनगड-ठोसेघरकडे, दुसरा यवतेश्वरचा घाट चढून कासकडे. घाट चढताना डाव्या-उजव्या खिडक्यांचं महत्त्व वळणागणिक बदलतं. वर पोचल्यावर सातारा शहर आणि अजिंक्यतारा एकाच नजरेत येतात. फुलांच्या हंगामात, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, पठारावर येणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवतात, नोंदणी आधी करावी लागते, आणि खासगी गाड्या अलीकडेच थांबवून पुढे बसने नेतात. काहींना हा जाच वाटतो. मला तो फार शहाणपणाचा निर्णय वाटतो. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या या पठारावर मातीचा थर इतका पातळ आहे की मोटारीचं एक चाक कडेला उतरलं तरी सीतेची आसवं आणि गेंद चिरडून जातात. जुन्या शहरांच्या गाभ्यात मोटारींना बंदी घालून युरोपने जे साधलं, ते इथे स्थानिक गावकऱ्यांच्या वन समित्यांनी फुलांसाठी साधलं आहे.

एसटी मात्र कासला संपत नाही. ती पुढे बामणोलीला उतरते, आणि तिथे रस्ताच पाण्यात जातो.

या प्रवासातली माझी सर्वांत आवडती जागा ही. १९६० च्या दशकात कोयनेवर धरण झालं, शिवसागर जलाशय पसरला आणि खोऱ्यातल्या जुन्या वाटा बुडाल्या. कांदाटी आणि सोळशीच्या काठची गावं पलीकडच्या तीरावर राहिली. त्यांच्यासाठी लाँच हाच रस्ता झाला. जिल्हा परिषदेची लाँच आजारी माणसाला आणते, शाळेतल्या मास्तरांना नेते, लग्नाचं वऱ्हाडही पोचवते. तापोळ्याला तर तराफा आहे. त्यावर जीप चढते, मोटारसायकली चढतात, आणि सगळं मिळून पलीकडे जातं. ॲम्स्टरडॅमच्या मुख्य स्टेशनाच्या मागून पलीकडच्या तीराला जाणाऱ्या बोटी तिथली पालिका फुकट चालवते, कारण ते पाणी म्हणजे शहरातला रस्ताच आहे अशी तिची धारणा आहे. शिवसागरावरच्या लाँचकडे याच नजरेने पाहायला हवं.

पर्यटकासाठी इथे वेगळ्या बोटी आहेत. बामणोली, तापोळा, शेंबडी इथल्या बोट क्लबांच्या. वासोटा किल्ल्यावर जायचं तर वनखात्याची परवानगी काढायची, बोट ठरवायची, तासाभराहून अधिक पाण्यावरून जायचं, जंगल चढायचं आणि अंधाराच्या आत परत फिरायचं. बोटीचं भाडं माणशी नसतं, अख्ख्या बोटीचं असतं. म्हणून एकटा-दुकटा आलेला माणूस धक्क्यावर उभा राहून कुणाचा गट अपुरा आहे ते पाहतो. अनोळखी माणसं पाच मिनिटांत भाड्याची वाटणी करतात, डबे एकत्र करतात आणि परतेपर्यंत एकमेकांना नावाने हाका मारू लागतात. ही ओळख तिकीट खिडकीने होत नाही. पण एक खंतही आहे. ‘आवडेल तेथे’ म्हणणारा पास धक्क्याच्या पायरीवर संपतो. जिल्हा परिषदेच्या लाँचवर तो चालला असता तर चार पैसे महामंडळाने तिला द्यायचे, एवढाच हिशेब होता. आणि दोन सरकारी यंत्रणांना तो जमू नये असा काही अवघड नाही.

बामणोलीसारख्या टोकाच्या गावांना एसटीने फार सुंदर उत्तर शोधलं आहे. मुक्कामी गाडी. संध्याकाळी आगारातून निघालेली शेवटची गाडी रात्री गावातच राहते आणि पहाटे पहिली फेरी म्हणून परत निघते. शहरातल्या माणसाला हे साधं वाटेल. पण विचार करा. गावातल्या पोरांना सकाळच्या कॉलेजला पोचायचंय, कुणाला कोर्टात तारीख आहे, कुणाला दवाखाना. गाडी पहाटे आगारातून निघाली असती तर ती रिकामी चढून येणार, आणि तोवर उशीर झालेला असणार. म्हणून गाडीच रात्री गावात झोपते. चालक-वाहक देवळाच्या ओवरीत, शाळेच्या व्हरांड्यात किंवा गाडीतच पथारी टाकतात. कुणाच्या घरून भाकरी येते. पावसाळ्यात घाटात धुकं उतरलं की तीच माणसं पहाटे काच पुसत निघतात. मोठ्या शहरांतल्या रात्रीच्या बस रात्रभर फिरत असतात, कारण तिथे रात्रीही कुणीतरी घरी परतत असतं. इथे रात्री कुणी फिरत नाही, पण पहाटे सगळ्यांना एकदम निघायचं असतं. गरज ओळखून वेळापत्रक आखणं यालाच मी कौशल्य म्हणतो. पाहुण्याने मुक्कामी गाडीने जावं, गावात राहावं आणि पहाटे तिच्यातूनच यावं. उजाडता उजाडता घाट उतरताना पाण्यावरचं धुकं सुटताना दिसतं, आणि पुढच्या बाकांवर बसलेली पोरं उजळणीच्या वह्या उघडतात.

एसटी जिथे कमी पडते तिथे वडाप आहे. हा शब्द सातारा, सांगली, कोल्हापूर सोडून पुढे गेलं की फारसा कानावर पडत नाही. जीप, ट्रॅक्स, आता व्हॅन. ‘चला मेढा मेढा मेढा’ असा पुकारा, भरल्याशिवाय न हलणारी गाडी, आणि हलल्यावर हात दाखवेल तिथे थांबणारी. वडापवर टीका करावी तेवढी थोडी, कारण क्षमतेपेक्षा जास्त माणसं कोंबली जातात आणि घाटात ते धोक्याचं आहे. ज्या गाडीत माणसं मागच्या पायरीवर लोंबकळतात तिच्यात पाहुण्याने बसू नये, हे मी आग्रहाने सांगेन. पण आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी एखाद्या फाट्यावर उभं राहिलं की वडापचं मोल समजतं. मांडीवर कोंबडी, पायाशी वांग्यांची पाटी, आणि भाडं उतरताना. एसटीत वाहक पैसे आधी घेतो, वडापवाला विश्वासाने शेवटी घेतो.

वाहक म्हणजे गाडीतली मुख्य व्यक्ती. लंडनची मागच्या दाराची जुनी लाल बस नियमित सेवेतून २००५ मध्ये निघाली आणि तिच्याबरोबर तिचा वाहकही गेला. आपल्या लाल गाडीत तो अजून आहे. दोरी ओढून एक टोला दिला की थांबा, दोन दिले की निघा. तिकिटाचा तो जुना पत्र्याचा ट्रे आणि पंच गेले, यंत्र आलं, पण उभ्या गर्दीतून मागे सरकत, पोराचं वय डोळ्यांनी मोजत, सुट्ट्यांचे हिशेब लक्षात ठेवत पुढे जाण्याची त्याची पद्धत तीच आहे. पास दाखवला की तो एकदा तो निरखून पाहतो आणि विचारतो, ‘कुठं जायचंय?’ ‘बघू’ असं उत्तर त्याला क्वचितच मिळतं. एकदा मिळालं की मग तो स्वतःच सांगायला लागतो, इथे उतरा, त्या टेकडीवर शंकराचं जुनं देऊळ आहे, पाऊण तासाने मागची गाडी येते.

साताऱ्याकडून सांगलीकडे जाताना गाडी बदलून रेल्वे घ्यावी. सातारा स्टेशन गावाबाहेर, माहुलीच्या बाजूला आहे, तिथवर शहर बस किंवा रिक्षा. रेल्वे आली तेव्हा महाबळेश्वरला जाणारे साहेब आणि श्रीमंत वाठार स्टेशनात उतरत आणि तिथून टांग्याने वाई-पाचगणी चढत. वाठारला आज ती वर्दळ नाही. पण पॅसेंजरची स्टेशनं एकामागून एक वाचत जावीत. कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर, कराड, शेणोली, ताकारी, किर्लोस्करवाडी. शेवटच्या नावाशी उतरावं. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९१० मध्ये इथल्या माळावर जागा दिली, आणि कुंडल रोड नावाच्या स्टेशनाशेजारी नांगरांचा कारखाना आणि त्याचं गाव उभं राहिलं. सायकल विकणारा माणूस रेल्वेच्या रुळाजवळ कारखाना का मांडतो, हे फलाटावर उभं राहिलं की न सांगता कळतं. लोखंड येणार कसं आणि नांगर जाणार कसे, याचं उत्तर समोरच अंथरलेलं असतं.

पुढे भिलवडी. चितळ्यांची डेअरी याच स्टेशनाच्या आधाराने १९३९ मध्ये सुरू झाली. इथून औदुंबरला जावं. नृसिंह सरस्वतींच्या चातुर्मासाचं स्थान, घाटाच्या पायऱ्या, आणि पैलतीरावर भुवनेश्वरीचं देऊळ. त्या तीराला नावेने जातात. दर मकरसंक्रांतीला इथे सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन भरतं, त्या दिवशी पंचक्रोशीतून माणसं चालत, सायकलवर, एसटीने येतात. नाव हाकणारा लांब बांबू नदीच्या तळाला टेकवतो आणि अंग मागे झोकतो. प्रवाहाच्या तिरक्या रेषेत नाव घेऊन जाण्याचं हे ज्ञान पिढ्यांचं आहे. पण नावेचं कौतुक करताना ब्रह्मनाळ विसरता येत नाही. इथून जवळच, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावकऱ्यांना सुरक्षित नेणारी बोट उलटली आणि बायकामुलं गेली. तेव्हापासून मी नावेत पाय टाकण्याआधी लाइफ जॅकेट आहेत का ते विचारतो, नसतील तर पुलावरून जातो. प्रत्येक पाहुण्याने हेच करावं.

सांगली शहरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलावर मोजतात. १९२९ मध्ये बांधलेल्या या पुलाजवळ चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका. पावसाळ्यात हे दोन आकडे इथल्या प्रत्येक घरात रोज उच्चारले जातात. पुलावरून सांगलवाडीकडे पायी जाणं हा शहर पाहण्याचा उत्तम मार्ग. पायी चालण्याला वाहतुकीच्या साधनांत धरत नाहीत, पण पॅरिसला सेन नदीचे पूल जसे पायीच कळतात तसा हा पूलही. मागे गणपती मंदिराचा परिसर, खाली घाट, आणि लांबवर हरिपूरकडे वळलेली नदी. हरिपूरला वारणा येऊन मिळते. संगमेश्वराचं देऊळ तिथे आहे, नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं ते गाव, आणि हळद साठवायची जमिनीतली पेवं एके काळी तिथली शान होती. शहरातून रिक्षाने जाता येतं, पण सायकल मिळाली तर सायकलच घ्यावी. रस्ता सपाट आहे.

सांगली-मिरज ही जोडी शहर बसने बांधलेली आहे, आणि ती शहर बसही एसटीच चालवते. विश्रामबागेवरून जाणारा हा रस्ता दिवसभर वाहता असतो. मिरजेच्या जंक्शनला एके काळी तिन्ही रुंदीचे रूळ एकत्र येत. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शीकडे सुरू केलेली ही छोटी गाडी १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोचली, आणि आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी तुडुंब भरून पंढरपूरला जाऊ लागली. आज सगळं ब्रॉडगेज आहे. २०१६ च्या दुष्काळात लातूरला पाणी नेणारी टँकरगाडी याच जंक्शनवरून सुटली, तेव्हा कृष्णेचं पाणीच प्रवासाला निघालं होतं.

मिरजेत तंबोरे आणि सतारी बनतात. त्यांचे भोपळे पंढरपूरकडच्या शेतांतून येतात. नवा तंबोरा घेऊन एसटीत चढलेल्या माणसाला वाहक पुढची जागा देतो, कारण गर्दीत तंबोरा उभा धरता येत नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. २७ ऑक्टोबर १९३७ ला दक्षिणेत प्रवासात असताना त्यांना बरं वाटेना. सिंगपेरुमाळकोविल नावाच्या छोट्या स्टेशनावर ते उतरले आणि तिथल्या फलाटावरच त्यांनी देह ठेवला. त्यांची कबर मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात आहे, आणि उरसाच्या दिवसांत त्याच आवारात चिंचेखाली त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. स्टेशनातून दर्ग्यापर्यंत रिक्षा लागते, तीही थोड्या वेळाची. गाणं उत्तररात्रीपर्यंत चालतं, ऐकायला तिकीट नाही, आणि सकाळी पुण्या-मुंबईकडे जाणारी कोयना एक्सप्रेस मिळते.